तिसरीच्या वर्गातली मीटिंग

मी ज्या वर्षांबद्दल लिहितो आहे तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आमच्या कचेरीत नवे कागद आले होते, पण शिक्का अजून रत्नागिरीचाच चालत होता. खाडीच्या तोंडावरचं ते एक लहान बंदर. कचेरी म्हणजे दोन खोल्या, एक साहेब, एक शिपाई आणि मी कारकून. साहेबांकडे आणखी एक बंदर असल्यामुळे ते आठवड्यातून दोन-तीन दिवसच आमच्याकडे असत. होड्यांचे परवाने लिहिणं, भरती-ओहोटीची नोंद ठेवणं आणि वादळाची तार आली की अंगणातल्या खांबावर बावटा चढवणं ही माझी कामं.

बावटा हा बोलण्यातला शब्द. प्रत्यक्षात तो वेताच्या कामट्यांचा, काळं कापड गुंडाळलेला सांगाडा असे. दोरीने वर ओढायचा. तो दिसला की माणसं होड्या पाण्यात लोटत नसत आणि बाहेर गेलेली परत फिरत.

मी पीत होतो. आरडाओरडा नाही, मारहाण नाही, रस्त्यात पडणंही सुरुवातीला नाही. माझं अक्षर चांगलं होतं आणि मी कोणाशी वर तोंड करून बोलत नसे, त्यामुळे गावाने ते चालवून घेतलं होतं. आधी कचेरी सुटल्यावर प्यायचो. मग दुपारच्या जेवणाआधी. पस्तिशी उलटली तेव्हा सकाळी नऊ वाजता कचेरीच्या वाटेवरच्या एका माडाच्या बागेत थांबून नवटाकभर दारू घेतल्याशिवाय माझ्या हातून टाक धरवत नव्हता. त्यानंतर मात्र अक्षर पुन्हा चांगलं यायचं. यात काही चूक आहे असं मला वाटत नसे. चष्म्याशिवाय दिसत नाही म्हणून माणूस चष्मा लावतो, तसंच हे, अशी माझी समजूत होती.

तो दिवस आश्विनातला होता. शिपाई रजेवर, साहेब दुसऱ्या बंदरावर. सकाळी साडेदहाला तार आली. पोस्टाच्या माणसाकडून मी ती सही करून घेतली, वाचली आणि कागदांवरच्या वजनाखाली ठेवली. तीन नंबरचा बावटा लावायचा होता. बाहेर लख्ख ऊन होतं. दहा-पंधरा मिनिटांनी चढवू असं मी ठरवलं. नऊच्या नवटाकानंतर त्या दिवशी मी आणखी एक घेतला होता. टेबलावर डोकं टेकलं ते खिडकीची झडप वाऱ्याने आपटली तेव्हाच वर आलं. दोन वाजून गेले होते.

मी बावटा चढवला. मग आत येऊन रजिस्टर उघडलं आणि तार मिळाल्याची वेळ एक पंचावन्न अशी लिहिली. हात अजिबात थरथरला नाही, हे मला स्वच्छ आठवतं.

देवबागची एक होडी खाडीच्या मुखाशी उलटली. तिघे होते. दोघे पोहून आले. तिसऱ्याचा उजवा हात होडीची कड आणि उलांडी यांच्या मध्ये सापडला. होडी एका अंगाला कलंडू नये म्हणून बाजूला आडवं लाकूड बांधलेलं असतं, ती उलांडी. पाण्यात लाट उठली की ती माणसाचं हाड मोडते. मालवणच्या इस्पितळात त्याची तीन बोटं काढावी लागली. वय तिशीचं, लग्न झालेलं, दोन मुलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात लोक म्हणाले, "बावटो उशिरा लागलो." मी म्हणालो, तार उशिरा आली. लोकांना ते पटलं. तारा उशिरा येतच असत.

त्या दिवसापासून मी दारू सोडली असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. ती वाढली. मी आता रस्त्यातही पडू लागलो. एकदा आमच्या घराच्या मागच्या घळणीत, पावसाच्या पाण्याने खणलेल्या चरात, पडलो आणि सकाळी गुरं सोडायला आलेल्या माणसाने मला पाहून वाट बदलली. बायकोने तिला सुचले ते सगळे उपाय केले. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घातलं. नांदगावच्या बाजूचा एक वैदू पूड देत असे, ती माझ्या आमटीत घातली. पूड कडवट होती. मला ती पहिल्या घासाला कळायची आणि मी काही न बोलता जेवायचो. श्रावणात मी नेम म्हणून पीत नसे, त्यामुळे मनात आणलं तर सोडता येते याची मला खात्री होती. श्रावण संपायच्या दिवशी मी दुपारपासूनच बागेच्या दिशेने बघत बसायचो.

मार्गशीर्षात बायको माहेरी फोंडाघाटला निघून गेली. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तिला जायला एक पिशवी पुरली. जाताना तिने भांडी घासून पालथी घातली होती.

महिन्याभराने मी तिला आणायला गेलो. हातात केळ्यांचा घड आणि पोटात सकाळचा नवटाक. घाटाच्या पायथ्याशी तिच्या भावाचं दुकान, मागे घर. ती दारात आली, माझ्याकडे पाहिलं, आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी पाणी प्यायलो.

ती म्हणाली, "आज नाय. शुद्धीत येशात त्या दिवशी येवा."

"मी शुद्धीत आसंय," मी म्हणालो.

"मगे घड उलटो कित्याक धरल्यात?"

मी पाहिलं, तर खरंच देठ खाली होता. तिने घड माझ्या हातातून घेतला आणि दार ओढून घेतलं. मी परतीच्या एसटीत बसलो.

गाडी कणकवलीला अर्धा तास थांबायची. सगळे उतरले, मी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर तसाच बसून राहिलो. थोड्या वेळाने ड्रायव्हर खालून खिडकीशी आला. चाळिशीचा, दाढी नीट केलेला, खाकी कपड्यांना इस्त्री. त्याच्या हातात चहाचे दोन कप होते.

"भाऊनू, च्या घेवा," तो म्हणाला.

"माका नको."

"घेवा. अर्धोच भरून हाडलंय. पुरो भरलो तर तुमच्या हातातून सांडतलो."

मी कप घेतला. खरोखर अर्धाच होता आणि तरीही तो मला दोन्ही हातांनी धरावा लागला.

"तुमका कसा कळला?" मी विचारलं.

"माका नाय तर कोणाक कळतला? मी आधी ट्रकार होतंय. ह्याच घाटात ट्रक कलंडवलंय. तेव्हा माझे हात तुमच्यापेक्षा वायट होते."

"आता पिणास नाय?"

"आज सकाळपासून नाय."

"आणि काल?"

"काल पण नाय. पण कालचो आज काय उपयोग?"

मला वाटलं तो आता उपदेश करील. त्याने तसं काही केलं नाही. रिकामा कप परत घेतला आणि म्हणाला, "आयतवारी चार वाजता खाडयेच्या पल्याड, चर्चच्या शाळेत आमची मीटिंग आसता. तिसरीचो वर्ग. दारूवाल्यांचीच मीटिंग. येवचा वाटला तर येवा."

"पाद्री काय सांगता थंय?"

"पाद्री कायएक सांगना नाय. तो फक्त खोलयेची चावी देता."

आणि तो गाडी सुरू करायला पुढे गेला.

पुढच्या रविवारी मी तरीने खाडी ओलांडली. तरवाल्याने विचारलं कुठे, तर मी म्हणालो, नारळाची रोपं बघायला. शाळा चर्चच्या कुंपणाला लागूनच होती, कौलारू, पुढे लांब पडवी. मी शाळेवरून सरळ चालत गेलो, चर्चच्या पायऱ्यांपाशी थांबलो, दाराजवळच्या फळीवर लावलेली लग्नांची जाहिरात दोनदा वाचली आणि परत फिरलो. त्याच्या पुढच्या रविवारीही मी हेच केलं. जाहिरातीतली दोन लग्नं तीच होती, एक नवं आलं होतं.

तिसऱ्या रविवारी पडवीत एक म्हातारा पितळी पेले विसळत बसला होता. अंगात गंजीफ्रॉक, डोक्यावर बोटीवरची निळी टोपी. मी पुढे जातो आहे असं पाहून त्याने मान वर न करताच हाक मारली.

"भाऊनू, दोन आयतवार तुमी चर्चाक फेरो मारून गेलात. आज च्या तुमच्या वाटची पण टाकलंय. फुकट घालवू नकात."

तो बोटीवर स्वयंपाकी होता. अर्धं आयुष्य त्याने मालवाहू बोटींवर काढलं होतं. गावात सगळे त्याला कुक म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. ही मीटिंग त्यानेच सुरू केली होती. एका परक्या बंदरात तो पिऊन पडला असताना बोट त्याला सोडून निघून गेली. तिथल्या खलाशांच्या वसतिगृहात अशीच मीटिंग भरत असे, तिच्यात त्याला कोणीतरी नेऊन बसवलं. "भाशा माका अर्धी पण कळत नव्हती," तो सांगायचा, "पण माणसां वळखीची दिसली. सगळ्यांचे डोळे आमच्या बापाशीसारखे."

वर्ग तिसरीच्या मुलांचा, त्यामुळे बाक बुटके. बसलं की गुडघे छातीशी येत. भिंतीवर पुठ्ठ्याचं घड्याळ, झाडाच्या भागांचा तक्ता, येशूची तसबीर आणि तिच्या शेजारी गांधीजींची. त्या दिवशी आम्ही चौघे होतो. कुक, ड्रायव्हर, एक किराणा दुकानदार आणि मी. दुकानदार पन्नाशीचा, टोपी मांडीवर घेऊन बसलेला. त्याची पाळी आली की तो एवढंच म्हणे, "आज मी ऐकतंय." पुढची दोन वर्षं मी त्याच्या तोंडून याहून जास्त ऐकलं नाही. पण त्याने एकही रविवार चुकवला नाही.

कुक एका इंग्रजी पुस्तकातलं पान वाचायचा आणि मालवणीत सांगायचा. पुस्तकाची पानं खाऱ्या हवेने फुगली होती. मग एकेकाने बोलायचं. कोणी मध्ये बोलायचं नाही, कोणी सल्ला द्यायचा नाही. आधी स्वतःचं नाव सांगायचं आणि आपण कोण ते म्हणायचं.

माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहिलो. नाव सांगितलं, हुद्दा सांगितला आणि म्हणालो, "मला काही काळापासून मद्यपानाची सवय जडलेली आहे."

ड्रायव्हरने मान खाली घातली. तो हसत होता.

कुक म्हणाला, "भाऊनू, ही कचेरी न्हय. बसून सांगा. घरात बोलतास तसा."

मी बसलो. "मी दारुडो," म्हणालो. आवाज बराच मोठा निघाला. बाहेर चर्चच्या आवारात मुलगे फुटबॉल खेळत होते, ते काही थांबले नाहीत. कुकने पुढच्याला खूण केली. मला वाटलं होतं की हे बोलल्यावर काहीतरी होईल, रडू येईल किंवा हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. मात्र त्या रविवारी घरी येताना मी बागेत थांबलो नाही. सोमवारी सकाळी थांबलो. मंगळवारी नाही.

पहिल्या दोन महिन्यांत असंच चाललं. एखादा दिवस कोरडा, मग पुन्हा. अंगाला घाम सुटायचा, रजिस्टरमधल्या रेघा हलायच्या. ड्रायव्हरची गाडी बुधवारी आमच्या बंदरावरून जायची. तो कचेरीच्या दारात गाडी उभी करून हॉर्न वाजवी. मी खिडकीतून हात वर केला की निघून जाई. हात वर केला नाही त्या एका बुधवारी तो गाडी तशीच सोडून आत आला, उतारू ओरडत असताना माझ्यासमोर पाच मिनिटं बसला आणि परत गेला.

शिमग्यात मी पुन्हा प्यायलो, सलग चार दिवस. पाचव्या दिवशी रविवार होता. मी मीटिंगला गेलो तेव्हा अंगाला वास येत होता. मला वाटलं, आता बाहेर काढतील. कुकने बाकावर सरकून जागा केली आणि पान वाचत राहिला. मीटिंग सुटल्यावर पेले विसळताना तो म्हणाला, "इलास तां बरां केलास. शुद्धीत येवचा म्हणान वाट बगतलंस तर कधी येवचंस नाय." त्या दिवसापासून तो मला अरे-तुरे करू लागला. त्या दिवसानंतर मी प्यायलो नाही. त्याचं श्रेय कशाला द्यायचं ते मला आजही सांगता येत नाही.

वैशाखात मी पुन्हा फोंडाघाटला गेलो. बायकोने दारात उभं राहून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग पिशवी भरली.  पुढच्या रविवारी ती माझ्याबरोबर तरीत बसली. "खंय जातास तां माका बगूचा आसा," म्हणाली. मीटिंगभर ती पडवीत बसून राहिली. कुकची बायको तिथे कोकमं सुकत घालत होती, तिच्याशी बोलली. मग दर रविवारी यायला लागली.

तोवर गावात बोललं जाऊ लागलं होतं. एके सकाळी देवस्थानचे एक मानकरी घरी आले. माझ्या वडिलांच्या वयाचे, मी त्यांना मान देत आलो होतो. खुर्चीत बसून त्यांनी घसा साफ केला.

"तू दर आयतवारी चर्चात जातंस म्हणतत."

"चर्चात नाय. शाळेत जातंय."

"ह्या वयात शाळेत?"

"तिसरेत," मी म्हणालो.

त्यांना ते आवडलं नाही. ते म्हणाले, गाव विचारतो आहे की तू बाटलास की काय. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. हाताला तांदळाचं पीठ होतं.

"काकानु," ती म्हणाली, "हे घळणीत पडान होते तेव्हा गावातलो कोण उचलूक इलो नाय. ज्येंनी उचलले थंय जावन बसतत, तर आता तुमी इलात?"

मानकरी चहा न घेता गेले. पण पुन्हा कोणी विचारायला आलं नाही, आणि पालखीच्या वेळी मला हाक येत होती तशी येत राहिली.

मीटिंग हळूहळू वाढली. सहा झाले, सात झाले. मग दुसऱ्या वर्षी, पावसाळा सरल्यावर, एका रविवारी देवबागची एक बाई नवऱ्याला घेऊन आली. ती पडवीतच थांबली. तो आत येऊन माझ्या समोरच्या बाकावर बसला. उजवा हात लुंगीच्या घडीत लपवलेला. मी त्याला लगेच ओळखलं. इस्पितळात बघायला जायचं धाडस मला झालं नव्हतं, पण बाजारात लांबून दोन-तीनदा दिसला होता.

त्याने नाव सांगितलं, दारुडा म्हणाला आणि बोलू लागला. बोटं गेल्यावर त्याला दोरी ओढता येईना. भाऊ समुद्रावर जात, हा घरी बसे. आधी दुखतं म्हणून प्यायला, मग दुखायचं थांबल्यावरही. "बावटो नव्हतो लावलेलो," तो म्हणाला. "तार उशिरा इली म्हणतत. आता तारेर राग कसो काढतलंय? म्हणान बायलेर काढतंय." 

त्याच्यानंतर माझी पाळी होती. मी म्हणालो, "आज मी ऐकतंय."

दुकानदाराने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

पुढचे चार रविवार मी हेच म्हणालो. देवबागचा माणूस दर वेळी येत होता. तिसऱ्या रविवारी त्याने सांगितलं की आठ दिवस प्यायलेला नाही, आणि सगळ्यांबरोबर मीही शाबासकीचा हात बाकावर आपटला. चौथ्या रविवारी सगळे गेल्यावर पेले विसळायला मी कुकजवळ बसलो आणि तारेची हकीकत त्याला सांगितली. साडेदहा, दोन, एक पंचावन्न, सगळं. कुकने पेला विसळून उपडा ठेवला.

"माका सांगान काय उपयोग? माझी बोटां शाबूत आसत."

"मगे तेका सांगू?"

"तुका हलको वाटूक व्हया म्हणान सांगत असशीत तर नको सांगू."

"मगे कित्याक सांगू?"

त्याने दुसरा पेला उचलला. "तो तारेर राग धरून बसलो आसा. तेका खरां म्हायत होवक व्हयां. तितक्याच." मग म्हणाला, "तो हंय येवचो बंद होतलो कदाचित. तां पण तुझ्याच पदरात पडतला."

मी घरी बायकोला सांगितलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं.  दुसऱ्या सकाळी कापडाची घडी घालता घालता म्हणाली, "देवबागाक मी पण येतंय."

आम्ही गेलो तेव्हा दहा वाजले असतील. खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या त्या वाळूच्या पट्टीवर माडाखाली त्याचं घर. तो अंगणात बसून जाळं विणत होता. जाळ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं, सुई डाव्या हातात. आम्हाला पाहून त्याला आनंद झाला, तेच मला अवघड गेलं. बायकोला हाक मारून त्याने चटई टाकायला सांगितली. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. या वेळी आवाज मोठा निघाला नाही.

त्याने सुई थांबवली नव्हती. माझं बोलणं संपल्यावर थांबवली.

"किती वाजता इली तार?"

"साडेधाक."

"आमी अकराक होडी लोटली," तो म्हणाला. मग बोटं मोजावीत तसं स्वतःशीच म्हणाला, "अर्धो तास."

 क्षमा मागायची असं घरून ठरवून आलो होतो, पण तो शब्द त्या अंगणात मला कुठे ठेवता आला नसता. त्याची बायको चटई हातात तशीच घेऊन उभी होती.

"जावा आता," तो म्हणाला. ओरडला नाही. आम्ही वाळूतून चालत परत निघालो. माझी बायको दोनदा मागे वळून बघत होती. मी वळलो नाही.

कुक म्हणाला होता तसंच झालं. देवबागचा माणूस यायचा थांबला. दुसऱ्या रविवारीही नाही, तिसऱ्याही नाही. ड्रायव्हर माझ्यावर चिडला होता. त्याने तोंडावर सांगितलं, "सुदारत होतो माणूस. तुका गप रवाक जमला नाय?"  मग कुकने ठरवलं की रविवार माझा राहील आणि बुधवारी तो स्वतः देवबागला जाईल. सत्तरीचा माणूस, पण तो दर बुधवारी होडीने जाऊ लागला आणि तिथे अंगणात त्या एका माणसासाठी मीटिंग घेऊ लागला. देवबागच्या माणसाची बायको मात्र रविवारी येत राहिली. पडवीत माझ्या बायकोशेजारी बसे. दोघी काय बोलत ते मी कधी विचारलं नाही.

साहेबांना मी लेखी जबाब दिला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "हे आता कशाला?" मी म्हणालो, रजिस्टरमध्ये खोटी वेळ आहे. त्यांनी कागद वर पाठवला. वर्षभराने माझ्या सर्व्हिस बुकात ठपका आला आणि तारा घेण्याचं काम शिपायाकडे गेलं. त्याहून मोठी शिक्षा होईल असं मला वाटलं होतं. नोकरी राहिली याने मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं याची लाजही वाटली. दोन्ही खरं आहे.

तीन वर्षांनी देवबागचा माणूस माझ्या खिडकीशी आला. भावांपासून वेगळं होऊन त्याने लहान होडी केली होती, तिचा परवाना हवा होता. अर्ज त्याने डाव्या हाताने पुढे सरकवला. मी होडीची लांबी विचारली, रुंदी विचारली, उलांडी आहे का विचारलं. त्याने उत्तरं दिली. सही डाव्या हाताने केली, सावकाश, पण एकेक अक्षर वाचता येण्याजोगं. कुक तेव्हा मुंबईला लेकीकडे जाऊन वर्ष झालं होतं.

मी शिक्का मारला. न राहवून विचारलं, "बुधवारची मीटिंग आता कोण घेता?"

"मी घेतंय," तो म्हणाला. "चार जण येतत." परवान्याची शाई वाळली का ते पाहून त्याने कागदाची घडी केली आणि गेला. त्याच्या मागे दुसरा माणूस उभा होता.

दशक संपत आलं तेव्हा माझी बदली दक्षिणेकडच्या एका बंदरावर झाली. तिथे अशी मीटिंग नव्हती. सामान लावून झाल्यावर बायकोने विचारलं, "आता आयतवारी काय करतलात?" मी तिथल्या शाळेच्या हेडमास्तरांकडे खोली मागायला गेलो. कसली सभा, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, कमिटीपुढे ठेवावं लागेल. कमिटीला चार महिने लागले. तोवर मी दर रविवारी सकाळची एसटी धरून जुन्या मीटिंगला जात होतो. शेवटी त्यांनी तुटकी बाकं ठेवायची खोली दिली. आम्ही दोघांनी ती झाडून घेतली, तीन बाकं खिळे मारून उभी केली आणि बायकोने पडवीत स्टोव्ह पेटवला.

पहिल्या रविवारी दोन माणसं आली. त्यातला एक भजनाची बैठक आहे असं समजून आला होता. तो चहा पिऊन गेला. दुसरा दाराशी थांबून म्हणाला, "माका फक्त बगूचा होता." मी बाकावर सरकून बसलो. तो आत आला.